तुमचा फोन इतरांना दिसू द्यायचा का?

८ जानेवारी

टिल्लू,

अक्षर पाहून घाबरू नकोस. उजवं मनगट बांधलंय, म्हणून डाव्या हाताने लिहितेय. माझा फोन तू एव्हाना दहा वेळा लावून पाहिला असशील. तो वकीलबाईंच्या कपाटात आहे. त्यातले त्याचे धमकीचे मेसेज कोर्टात दाखवायचेत, आणि नवा फोन घ्यायची मला सध्या हिंमत नाही. तेव्हा आता पत्रं.

तो आला होता. रविवारी दुपारी चारला. (मी आता 'हे' लिहीत नाही. पहिल्यांदा 'तो' लिहिलं तेव्हा कसंतरीच झालं होतं, आता काही होत नाही.)

बेल वाजली तेव्हा मी केस धूत होते. दार चिमणीने उघडलं. चिमणी तुला माझ्या बोलण्यातून माहीत आहेच. आमच्या दवाखान्यात वर डोळ्यांचे नंबर तपासते, आणि दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंच आहे म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा तिनेच मला तिच्या दोन खोल्यांत घेतलं. दोन वर्षं झाली त्याला.

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आले तर हा उंबऱ्यात. एक पाय आत. हातातला फोन माझ्यापुढे नाचवत हसत होता. म्हणाला, "लपून बसलीस होय? तुझ्याच माणसाने हाक मारून बोलावलं मला." मग मनगट धरलं आणि पिरगाळलं. चिमणीने त्याला असं काही ढकललं की तो चार पायऱ्या बसत बसत खाली गेला. खालच्या शिंप्याने पोलिसांना बोलावलं. ते आले, घेऊन गेले, संध्याकाळी सोडून दिलं.

मनगटाचं काही नाही. तीन आठवडे तळघरात चष्म्याच्या काचा घासता येणार नाहीत, एवढंच. पण टिल्लू, हा पत्ता तिघांनाच ठाऊक होता. तुला, वकीलबाईंना आणि चिमणीला. आईलाही मी सांगितलेला नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुझ्याकडून चुकून कुणापाशी निघालं का? रागावणार नाही. फक्त खरं सांग.

आणि जमलं तर दोन दिवस ये. शेजारच्यांनी दार लावलं तरी मी दचकते.

ताई


१३ जानेवारी

ताई,

पत्र वाचलं. मनगटाचा फोटो काढलास का, हाड नीट आहे ना, कोण डॉक्टर आहेत, सगळं कळव.

पत्ता मी कुणालाही सांगितलेला नाही. आईची शपथ. ऑफिसात नाही, मित्रांत नाही, कुठे लिहूनही ठेवलेला नाही.

फोन अजिबात चालू करू नकोस. वकीलबाईंनाही सांग. त्या रविवारी फोन कुठे होता? म्हणजे तुझ्याजवळ, चार्जिंगला, की दाराशी? आणि आमचं ते अ‍ॅप तू अजून वापरत होतीस का, ज्यावर चिमणी वरून तुला तळघरात नंबर पाठवते? उगाच विचारतोय. सवय.

यायचं तर आहे, पण रजा मिळत नाहीये. अ‍ॅपची नवी आवृत्ती काढायची आहे आणि आम्ही इनमीन चार माणसं. साहेब ऐकायला तयार नाहीत. पुढच्या महिन्यात नक्की.

एक विचारू? चिमणीशी बोललीस का या बाबतीत? ती मुद्दाम काही करेल असं म्हणत नाही मी. पण माणूस कितीही चांगलं असलं तरी गप्पांच्या ओघात बोलून जातं. एकदा विचारून बघ.

जप. दाराला वरची कडी लाव.

टिल्लू


२२ जानेवारी

टिल्लू,

हाड शाबूत आहे. फोन चार्जिंगला होता, दाराशेजारच्या फळीवर. अ‍ॅप वापरत होते, त्याच्याशिवाय चालणारच नाही. तळघरात नेट येत नाही, आणि पूर्वी नंबराच्या एकेका चिठ्ठीसाठी मला जिना चढावा लागायचा. तुझं अ‍ॅप आल्यापासून माझे गुडघे तुला दुवा देतात.

आता दुसरं.

मी चिमणीला विचारलं. तू लिहिलंस तोवर माझ्या मनात हे आलंच नव्हतं, आणि एकदा आलं ते जाईचना. मग आठवायला लागलं. चष्म्याच्या फ्रेमा विकायला एक माणूस येतो, तो आमच्या जुन्या गावचा आहे. डिसेंबरात चिमणी त्याच्याशी अर्धा तास हसत बोलत होती. मी तिला तेच विचारलं, तेही घरी नाही, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर. म्हटलं, "त्या फ्रेमवाल्याला आपलं घर सांगितलंस का तू?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. डबा बंद केला, झाकण नीट बसलंय का ते पाहिलं आणि म्हणाली, "मी त्याला ढकललं ना गं जिन्यावरून?" मी म्हटलं, "नंतर ढकललंस." टिल्लू, असं बोलले मी. कुठून आलं कोण जाणे.

संध्याकाळी ती बॅग भरून तिच्या आत्याकडे गेली. माझंच घर असल्यासारखी मला ठेवून स्वतः निघून गेली. दवाखान्यात आता सगळे तिच्याकडे एका नजरेने बघतात. डॉक्टरांनी तिला बोलावून "खासगी गोष्टी बाहेर बोलू नयेत" असं ऐकवलं म्हणे. मी मधे पडले नाही.

त्या घरात एकटीला राहवेना, म्हणून मी नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात आलेय. पत्रं दवाखान्याच्या पत्त्यावरच पाठव.

तू वेळेवर माझे डोळे उघडलेस. नाहीतर मी तिच्यावर जन्मभर विश्वास टाकून बसले असते.

ताई


१० फेब्रुवारी

ताई,

उत्तराला उशीर झाला. कामाचा डोंगर होता. नवी आवृत्ती निघाली एकदाची.

झालं ते झालं. चिमणीला आता आणखी काही बोलू नकोस. तिच्याकडून झालं असेलच असंही नाही. वसतिगृहात जेवण बरं मिळतं का? आईला तू बरी आहेस असं सांगितलंय.

टिल्लू


१७ फेब्रुवारी

टिल्ल्या,

तुझ्या पत्राच्या ओळी मी मोजल्या. लहानपणी शाळेतून ताकीद मिळाली की तू असाच बोलायचास, आखूड आखूड. काय झालंय? नोकरीत काही का? "तिच्याकडून झालं असेलच असं नाही" म्हणजे काय? तूच तर सुचवलंस.

काल कोर्टात तारीख होती. त्याने जबाब दिला. माझ्या मागावर नव्हतो म्हणे. कामासाठी या शहरात आला होता, आमच्या गल्लीतल्या दुकानाबाहेर उभा राहून ते कानात घालायचं यंत्र फोनला जोडत होता, तर जवळच्या फोनांच्या यादीत 'टिल्लूची ताई' असं दिसलं. मग पुढचे तीन रविवार तो गल्लीत फिरला. कुठे नाव दिसायचं, कुठे दिसायचं नाही. शेवटी आमच्या जिन्यात दिसलं. बायकोच्या काळजीने आलो, असंही म्हणाला.

वकीलबाईंना यातलं ओ की ठो कळलं नाही, मला तर नाहीच. माझ्या फोनला ते नाव तूच दिलं होतंस, एवढं आठवतं. असं खरंच होतं का रे? माझं नाव त्याच्या फोनात कसं जाईल? की चिमणीला वाचवायला त्या फ्रेमवाल्याने त्याला हे पढवलंय? घरात यातलं कळणारा तू एकटा. नीट समजावून लिही, म्हणजे पत्र वकीलबाईंना दाखवीन.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

हे पत्र वकीलबाईंना दाखव. आधी तू वाच.

तो खरं बोलतोय. कुणी पढवलेलं नाही. चिमणीने कुणाला काही सांगितलेलं नाही. मी केलंय हे.

आमचं अ‍ॅप नेटशिवाय, ब्लूटूथवर फोनला फोन जोडतं. ब्लूटूथ चालू असणं वेगळं आणि फोन इतरांना दिसणं वेगळं. दोन फोनांची पहिल्यांदा ओळख करून द्यायची असते तेव्हा एकाने थोडा वेळ दिसावं लागतं. जवळपास जो कोणी शोधत असेल, ओळखीचा असो नसो, त्याच्या यादीत तेव्हा तुझ्या फोनचं नाव येतं. ओळख झाली की पुन्हा दिसायची गरज नसते. म्हणून नियम असा की दोन मिनिटं दिसायचं आणि मग आपोआप लपायचं. आमच्या अ‍ॅपमध्येही पहिल्यांदा दोन मिनिटंच होती.

पण लोकांना दोन मिनिटं पुरेनात. दुकानदारांचे फोन यायचे, "समोरचा फोन सापडत नाही, तुमचं अ‍ॅप फालतू आहे." दिवसाला वीस फोन, आणि ते सगळे मी घ्यायचो. एका शुक्रवारी वैतागून मी मिनिटांच्या जागी शून्य लिहिलं. जुन्या फोनवर शून्याचा अर्थ 'कायम'. सोमवारी नीट काहीतरी करू म्हटलं. तक्रारी थांबल्या, साहेबांनी पाठ थोपटली, आणि तो सोमवार आठ महिने आलाच नाही.

फोन स्वतः विचारतो, ताई. "तुमचा फोन इतरांना दिसू द्यायचा का?" तुझ्या फोनने तुलाही विचारलं होतं. तू मला फोन करून म्हणालीस, "हे काहीतरी विचारतंय रे." मी तेव्हा जेवत होतो. म्हटलं, "जे विचारेल त्याला हो म्हण." तू हो म्हणालीस.

आता जे लिहायचंय त्याची मला याहून जास्त लाज वाटते. तुझ्या पहिल्या पत्रात 'हातातला फोन नाचवत' हे वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. 'तुझ्याच माणसाने हाक मारली' हेही कळलं. तो माणूस मी. मी तुझ्यासारखाच एक जुना फोन ऑफिसच्या जिन्यात ठेवून मजल्यामजल्यावर तपासलं. तिसऱ्या मजल्यावर नाव आलं, चौथ्यावर गेलं. हे तपासून जागेवर परत आलो आणि तुला ते पत्र लिहिलं. चिमणीला विचारून बघ, असं. मला माहीत होतं, ताई. माहीत असून लिहिलं. तू दुसरीकडे बघावंस म्हणून.

तुझं उत्तर आलं त्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गुपचूप दुरुस्त करून टाक, गाजावाजा नको." मी दुरुस्त केलं, आणि नव्या आवृत्तीत काय बदललं त्या जागी 'किरकोळ सुधारणा' असं लिहिलं. ते शब्द माझे आहेत. खरं तर नवी आवृत्ती घेतली तरी ज्यांनी आधी हो म्हटलंय त्यांचे फोन दिसतच राहतात. ज्याचं त्याने जाऊन ते बंद करावं लागतं, आणि त्यासाठी त्याला आधी कळायला हवं. चार हजार लोक आहेत. कुणाला कळवलेलं नाही.

रजा मिळत नव्हती हेही खोटं. मागितलीच नव्हती.

काय करू सांग.

टिल्लू


१ मार्च

पत्र मिळालं. मायना लिहिलेला नाही, कारण काय लिहावं ते सुचत नाही.

शून्याचं मी समजू शकते. मीही एकदा डावीची काच उजवीकडे बसवून दिली होती आणि एक म्हातारे गृहस्थ आठवडाभर भिंतींना धडकत फिरले. हातून होतं. आठ महिने विसरलास, तेही एकवेळ समजेन. पण तू कागदासमोर बसून, विचार करून, सुवाच्य अक्षरात माझ्या मैत्रिणीचं नाव लिहिलंस. मी डाव्या हाताने पत्र लिहिलं होतं रे तुला.

आणि मी तरी कोण लागून गेले? तुझ्या दोन ओळी वाचून दोन वर्षं एका ताटात जेवलेल्या बाईला मी सगळ्यांसमोर विचारलं. तू सुचवलंस, विश्वास मी ठेवला. कारण तू भाऊ आणि ती परकी. हे मला आता आरशात बघताना आठवतं. तुझी लाज तुझ्याजवळ ठेव, माझी मला पुरेशी आहे.

काय करू विचारतोस, तर ऐक.

वकीलबाईंना सही करून सगळं लिहून दे. त्याने तीन रविवार पाळत ठेवली हे त्यातूनच शाबीत होतं, असं त्या म्हणतात.

त्या चार हजार लोकांना कळव. साहेब काय म्हणतील ते साहेबांना म्हणू दे. त्यांतल्या एखादीचा नवरा आज कुठल्या जिन्यात उभा असेल, तुला काय माहीत?

आणि इथे ये. चिमणीला पत्र पाठवायचं नाही. मी जिथे विचारलं तिथे, जेवणाच्या सुट्टीत, डॉक्टरांसकट सगळ्यांसमोर सांग. मी तिथे नसेन. तुला आधार द्यायला मी उभी राहणार नाही, आणि मला माझं वेगळं बोलायचं आहे तिच्याशी.

ताई


१८ मार्च

ताई,

तू तळघरात होतीस. मशीनचा आवाज वरपर्यंत येत होता. सगळं सांगून होईपर्यंत तो थांबला नाही.

मी पाठ करून गेलो होतो, पण तोंड उघडल्यावर सगळं विसरलो. सात माणसं होती. मी म्हटलं, मी ताईचा भाऊ, पत्ता माझ्यामुळे फुटला, यांच्यामुळे नाही, आणि मला हे ठाऊक असताना मी यांच्यावर संशय येईल असं लिहिलं. डॉक्टरांनी घास खाली ठेवला. कुणीतरी, "असं कसं होईल?" म्हणालं, तर मी खिशातून दोन फोन काढून दाखवलं. शून्य होतं तेव्हा काय दिसायचं आणि आता काय दिसतं.

चिमणी डबा खात होत्या. खातच राहिल्या. मग म्हणाल्या, "संपलं?" मी म्हटलं, "माफी मागायची आहे." त्या म्हणाल्या, "मागा की." मी मागितली. त्या म्हणाल्या, "दोन महिने मी या खोलीत सगळ्यांमध्ये एकटी जेवले. तुम्हाला रोज ठाऊक होतं, मी एकटी जेवत असेन?" मी म्हटलं, "नव्हतं. मी तुमचा विचारच केला नव्हता." त्या म्हणाल्या, "हे खरं बोललात," आणि हात धुवायला उठल्या. डॉक्टर त्यांच्यामागे बेसिनपर्यंत गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही.

वकीलबाईंना सही करून दिलं. सूचनाही पाठवली, चार हजार जणांना, काय झालं आणि काय बंद करायचं ते साध्या शब्दांत. साहेबांना आधी दाखवली. कोर्टात हे येणारच आहे म्हटल्यावर त्यांनी अडवलं नाही. या महिनाअखेरीस मला दुसरीकडे नोकरी बघायला सांगितलंय.

उत्तरं अकरा आली. दहा जणांनी शिव्या दिल्यात किंवा अ‍ॅप चालत नाही म्हटलंय. अकराव्या एक बाई आहेत. त्यांनी एवढंच लिहिलंय: "म्हणजे ऑक्टोबरात ते असं झालं होतं. मी माझ्या बहिणीशी बोलणं टाकलंय तेव्हापासून." मी त्यांना सगळं सविस्तर लिहिलं. पुढे काही आलं नाही.

तू वर आली नाहीस ते बरं केलंस.

टिल्लू


२७ मार्च

टिल्लू,

निकाल लागला. त्याला माझ्या राहत्या जागेच्या आणि दवाखान्याच्या आसपास फिरकायला बंदी झाली. तुझ्या कागदाचा उपयोग झाला, वकीलबाईंनी मुद्दाम सांगायला सांगितलं. तुला माफ केलं का ते विचारू नकोस. मलाच अजून कळलेलं नाही. पण आईसाठी औषधं घेऊन जाशील तेव्हा वाटेत इकडे उतर, जेवून जा.

चिमणीचं लिहिते.

तू गेलास त्यानंतर आठ-दहा दिवस माझी वर जायची छाती झाली नाही. कुणी ना कुणी नंबराच्या चिठ्ठ्या खाली आणून देत होतं, मी काचा करत होते. काल शेवटी कामं संपल्यावर वर गेले. ती तपासणीच्या खोलीत एकटीच होती, भिंगांची पेटी पुसत. मी दारातूनच म्हटलं, "चिमणे, माझं चुकलं. टिल्लूने लिहिलं हे खरं, पण मी मानलं." तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, "मला एवढंच सांग, मी असं करेन असं तुला वाटलं कसं?" मी म्हटलं, "वाटलं. त्याचीच तर लाज वाटते."

तिने हातातलं भिंग पुसून पेटीत ठेवलं. मग म्हणाली, "तुझ्याबरोबर परत त्या घरात राहायला येणार नाही मी." मी म्हटलं, "बरं." ती म्हणाली, "आत्याकडे बरं चाललंय." मी पुन्हा बरं म्हटलं आणि जायला वळले.

तर मागून म्हणाली, "गेल्या आठवड्यात तू दोन काचा चुकीच्या कापल्यास. जवळचं दिसत नाहीये तुला. बस."

मी खुर्चीत बसले. तिने नंबर तपासायची ती लोखंडी फ्रेम माझ्या नाकावर बसवली, दिवा मंद केला आणि इतर पेशंटांना विचारते त्याच सुरात विचारायला लागली. "हे चांगलं, की हे? आता? आता?" मला समोरचं एक अक्षर धड दिसेना. सगळी पाटी पाण्यात गेली होती. मी आपली अंदाजाने सांगत राहिले, हे, नाही, ते, हेच.

तिने भिंग बदलता बदलता हात थांबवला. फ्रेम काढून घेतली, दिवा लावला आणि माझ्या हातात कापसाचा बोळा दिला.

"रडून आलेल्या डोळ्यांचा नंबर चुकतो," म्हणाली. "उद्या ये. अकराला."

ताई